अळणावरची पल्लवी

माझ्या अण्णाला स्वतःचं नाव सांगता येत नसे. बाकीचं बोलणं अडखळत का होईना, पार पडायचं. पण 'श्रीवत्स' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची, मान एका बाजूला ओढली जायची आणि डोळे मिटायचे. मी लहानपणापासून तोंडाळ. कुणी त्याला नाव विचारलं की स्वयंपाकघरातून पळत येऊन मीच सांगायची, श्रीवत्स मुकुंदराव तोरगलकर. त्याचा कुठलाही शब्द अडकला की पुढचा मी पुरवायची. चहा म्हणायचं असेल, चप्पल म्हणायचं असेल, मला आधीच कळायचं. मला वाटायचं, मी त्याला मदत करतेय.

पंचाण्णव साली त्याला तिसरा नकार आला. मुलगी पाहायला बेळगावला गेलो होतो. आई-अप्पा दोघंही तोवर गेलेले, म्हणून वडीलधारं माणूस म्हणून चोवीस वर्षांची मीच. मुलीच्या मामांनी अण्णाला नाव विचारलं. अण्णा 'श्री' वर थांबला आणि मुलीनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मी घाईघाईनं नाव सांगितलं, नोकरी सांगितली, तारिहाळच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, पगार सांगितला, स्वभाव सांगितला. मामा म्हणाले, "मुलगा बोलत नाही, का तुम्ही बोलू देत नाही?" आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं पत्र आलं. अण्णानं ते वाचून घडी घातली आणि म्हणाला, "आता पुरे, मधू." त्या तीन शब्दांत तो कुठंही अडकला नाही.

त्याला एकच नाद होता, रेडिओ. रविवारी सकाळी साडेदहाला महाराष्ट्रातल्या एका केंद्रावरून मराठी गाण्यांच्या फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या घरात तो खरखरत यायचा, म्हणून अण्णा रेडिओ खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायचा. निवेदन इंदुमतीबाई करायच्या. पोस्टकार्डावर गाणं लिहून पाठवायचं, खाली आपलं नाव, गाव. नावं मात्र एकट्याची कुणी पाठवत नसे. भाऊ, वहिनी, शेजारी, पाळण्यातलं पोर, सगळ्यांची वर्णी लागायची. नेहमीच्या श्रोत्यांत तर एक रीतच होती. ज्याला कधी पाहिलं नाही अशा दुसऱ्या गावच्या श्रोत्याचं नाव आपल्या कार्डावर घालायचं, मग तो पुढच्या कार्डावर आपलं घालणार. हळदीकुंकवासारखंच, तू माझ्याकडं ये, मी तुझ्याकडं येते. अण्णाचं नाव कुणी घालत नव्हतं. स्वतःच्या कार्डावर तो आपला एकटाच असायचा. "धारवाडहून श्रीवत्स तोरगलकर," इंदुमतीबाई म्हणायच्या, जोडाक्षरं कशी खणखणीत. आणि अण्णा रेडिओकडं असा बघायचा की कुणीतरी त्याचं हरवलेलं सामान आणून दिलंय.

नकाराचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शिकवायचे त्या शाळेत, मधल्या सुट्टीत, मी एक पोस्टकार्ड लिहिलं. एक गाणं मागितलं. खाली लिहिलं, पल्लवी नाडगीर, अळणावर. आणि त्याखाली, श्रीवत्स तोरगलकर, धारवाड. पल्लवी नाव माझ्या वर्गाच्या हजेरीतलं, नाडगीर कुठल्याशा पाटीवरचं. अळणावर एवढ्यासाठी की गाव फार लांब नाही आणि तिथं आमचं ओळखीचं कुणी नाही. एकदाच, म्हटलं. त्याला बरं वाटेल.

तीन आठवड्यांनी ते लागलं. अण्णा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो माझ्याकडं आला. "मधू, अळणावरला आपलं कु-कु..."

"कुणी नाही," मी म्हणाले. "असेल कुणी रसिक बाई. तुझी आवड पटली असेल."

त्याच दुपारी त्यानं कार्ड लिहिलं. श्रीवत्स तोरगलकर, धारवाड आणि पल्लवी नाडगीर, अळणावर. रीतच होती तशी. मग मला परत लिहावं लागलं, नाहीतर तिनं रीत मोडली असं झालं असतं. असं करत सहा वर्षं गेली.

एवढंच होतं ते. ना पत्र, ना फोटो. परक्या बाईचा पत्ता मागणं अण्णाला जमण्यासारखं नव्हतं, आणि कार्यक्रमात कुणाचा पत्ता सांगतही नसत. महिन्यातून एकदोनदा दोन नावं एकापाठोपाठ वाचली जायची, त्यावर माझा भाऊ बदलला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रेडिओपुढं बसायला लागला. एकदा कारखान्याच्या लोकांबरोबर गोव्याला गेला, तेव्हा अळणावर स्टेशनात गाडी थांबली तेवढा वेळ डब्याच्या दारात उभा राहिला, हे त्यानंच मला लाजत सांगितलं. सत्त्याण्णवला माझं लग्न होऊन मी हुबळीला आले. तो मळमड्डीच्या घरात एकटा राहिला आणि मी कार्डं वाढवली. एकटं सोडून आल्याची भरपाई मी पोस्टकार्डांनी करत होते. मधूनमधून स्थळं यायची. अण्णा म्हणायचा, "नको. मला ब-बरं चाललंय." मला कळत होतं का बरं चाललंय. तरी मी थांबले नाही, कारण बरं चाललं होतं हे खरंच होतं.

दोन हजार एकच्या जानेवारीत इंदुमतीबाईंनी कार्यक्रमातच जाहीर केलं की फेब्रुवारीत, शनिवार-रविवार, हुबळीला श्रोत्यांचं संमेलन भरणार आहे, सर्वांनी यावं, त्या स्वतः येणार आहेत. सगळा उपद्व्याप जुन्या हुबळीतल्या अप्पाजींचा. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ वीस वर्षं कार्यक्रमात आलेलं प्रत्येक नाव वहीत उतरवून घेत होता. रविवारी संध्याकाळी अण्णाचा शेजारच्या दुकानातून फोन आला. फोनवर बोलायला तो मरणाचा घाबरायचा, पण त्या दिवशी केला.

"मधू, ऐकलीस? ती प-पण ऐकली असेल की."

"तिला यायला जमतंय का बघ की," मी म्हणाले. "बायकांचं काय, घरातून सोडायला पाहिजेत."

"येईल," तो म्हणाला.

खरं काय ते आज सांगते, उद्या सांगते म्हणता संमेलनाआधीचा शुक्रवार उजाडला. अण्णा माझ्या घरी मुक्कामाला आला. पिशवीत नवा निळा शर्ट. चहा ठेवला होता, हा न्हाणीघरात गेला तो बाहेरच येईना. मी दाराशी गेले. आतून आवाज येत होता. "श्री... श्री... श्री..." मग पाण्याचा तांब्या. मग परत. आणि मग एकदम सगळं, "श्रीवत्स तोरगलकर." पुन्हा एकदा. बाहेर आला तेव्हा तोंड घामानं आणि पाण्यानं भिजलेलं आणि चेहरा असा की बारावीला पहिला आलाय. रात्री जेवताना मी त्याला आणखी एक भाकरी वाढली, एवढंच केलं. भित्री म्हणा मला, मी स्वतःला त्याहून वाईट म्हणते.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. दारावर आंब्याचे टहाळे, आत जुने रेडिओ मांडलेले, भिंतीवर इंदुमतीबाईंना आलेली पत्रं चिकटवलेली. तीनशे माणसं तरी असतील. मला आधी हसूच आलं. एक गृहस्थ गाण्याच्या सुरुवातीचे सूर ऐकून तीन सेकंदांत गाणं ओळखायचे आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या पाठीत धपका घालायचे. इंदुमतीबाईंपुढं तर रांग लागली होती. बाई ठेंगण्या, केस पिकलेले, पण आवाज तोच. लोक टेपरेकॉर्डर पुढं करून म्हणत होते, "बाई, माझं नाव एकदा म्हणा की." आणि त्या न कंटाळता म्हणत होत्या, जांबोटीहून गणपत अमुक, निपाणीहून शंकर तमुक. मोठमोठे बाप्ये डोळे पुसत रांगेतून बाहेर पडत होते.

दाराजवळच्या टेबलावर बिल्ले होते. अप्पाजींनी वहीतल्या सगळ्या नेहमीच्या श्रोत्यांचे बिल्ले करून ठेवले होते, पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात नाव आणि गाव. आलेल्यानं आपला शोधून छातीला लावायचा. टेबलामागच्या मुलीनं अण्णाला विचारलं, "तुमचं नाव?" अण्णा श्री वर थांबला. मी नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, पण जरा थांबली असतीस तर, असं. मग त्यानं बिल्ला लावला आणि त्याची नजर टेबलावर फिरली. तिसऱ्या ओळीत होता. पल्लवी नाडगीर, अळणावर.

तो तिथून हलला नाही. आत भाषणं झाली, गाणी झाली, हा टेबलापाशी उभा. कुणी बाई दारातून आली की कॉलर सारखी करायचा, ओठ हलवून नाव घोळवायचा. बाई टेबलाशी यायची, दुसराच बिल्ला उचलायची. बारा वाजता टेबलावर चाळीसेक बिल्ले राहिले, जेवणाच्या वेळी वीस. मी त्याला जेवायला ओढायला गेले. "तू जेव," तो म्हणाला. "मी नसताना आली तर?" मी पुरीभाजीचं ताट त्याच्यापुढं धरलं. त्यानं एक पुरी उभ्यानंच खाल्ली आणि हात धुवायला लांब जावं लागेल म्हणून रुमालाला पुसला.

जेवणं चालू असताना अप्पाजींनी माईकवर सांगितलं की चार वाजता, यंदा आपल्यातून गेलेल्या श्रोत्यांना श्रद्धांजली वाहायची आहे, कुणाला कुणाची बातमी असेल तर चिठ्ठी द्यावी. प्रत्येक संमेलनात ती प्रथाच असते म्हणे.

मी ताट घेऊन तशीच उभी राहिले. अण्णा दोन दिवस त्या टेबलाशी उभा राहणार होता. उद्या संध्याकाळी एकच बिल्ला उरणार, आणि ती आली नाही, म्हणजे तिला यावंसं वाटलं नाही, हा त्याला चौथा नकार. खरं सांगावं, तर सहा वर्षं बहिणीनं खुळं बनवलं. तिचं लग्न झालं म्हणावं, तर तोही नकारच. मेलेलं माणूस कुणाला नकार देत नाही. हे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. मी पिशवीतून शाळेचा कागद काढला, लिहिलं, आणि अप्पाजींच्या हातात दिला.

"अळणावरची?" अप्पाजी वाचून म्हणाले. "अयय्यो. नेमानं नाव यायचं हो हिचं. तुला कसं कळलं, तंगी?" कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

"शाळेत अळणावरच्या एक बाई आहेत, त्यांनी सांगितलं," मी म्हणाले. खोटं मला कधी अडखळायला लावत नाही.

चार वाजता इंदुमतीबाई माईकपुढं आल्या. सगळे उभे राहिले. अण्णासुद्धा टेबल सोडून दोन पावलं आत आला, गेलेल्यांचा मान म्हणून. बाईंनी सात नावं वाचली, रविवारी वाचायच्या तशाच आवाजात, आधी गाव, मग नाव. पाचवं होतं, "अळणावरहून पल्लवी नाडगीर." मी अण्णाच्या मागं होते. त्याची मान पहिल्यांदा जराशी उचलली गेली, नाव ऐकल्याच्या सवयीनं, आनंदानं. मग त्याला कळलं, ही यादी कसली आहे ते.

दोन मिनिटांची शांतता झाली. लोक बसले, खुर्च्या वाजल्या, हा उभाच. मग टेबलाकडं गेला, तो बिल्ला उचलला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "चल."  संध्याकाळी मी चुरमुऱ्यांचं गिरमीट केलं, त्याच्या आवडीचं. त्यानं सगळं खाल्लं. मग विचारलं, "चिठ्ठीत काय झालं होतं ते लि-लिहिलं होतं का?"

"नाही रे अण्णा."

"आजारी होती म्हणजे. आणि तरी का-कार्डं पाठवत होती."

तो रडला नाही. रडायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, असं मला वाटलं. कोण लागत होती ती त्याची? मला मात्र रडू आलं. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं मन किती हळवं आहे असं त्याला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो संमेलनाला जाणार नाही असं मी धरून चालले होते. पण सकाळी आठालाच आंघोळ करून तयार. "तिला ओळखणारं कुणी भेटेल," म्हणाला. हॉलमध्ये गेल्यावर तो माणसामाणसांतून हिंडला, अळणावरच्या पल्लवी नाडगीरना ओळखता का, असं विचारत. परक्या माणसांशी आपणहून बोलायला गेलेला अण्णा मी जन्मात पाहिला नव्हता. लोक त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच 'नाही नाही' करून सुटका करून घेत होते.

शेवटी तो मागच्या रांगेत जाऊन बसला. शेजारी एक बाई होती, तेहतीस-चौतीसची, साधी सुती साडी, छातीवर बिल्ला, निवेदिता, गदग. अण्णानं तिलाही विचारलं. 'पल्लवी' वर तो फार वाईट अडकला. मी मागच्या खांबाशी चहाचे दोन पेले घेऊन उभी होते, शब्द माझ्या ओठावर आला होता. ती बाई थांबली. नुसती त्याच्याकडं बघत थांबली, कुठलीही घाई नसल्यासारखी, आणि तो शब्द पुरा करेपर्यंत तिनं मान हलवली नाही की हसली नाही.

मग म्हणाली, "नाही हो, त्यांना नव्हते ओळखत. तुम्हाला ओळखते की."

"म-मला?"

"धारवाडहून श्रीवत्स तोरगलकर. तुम्ही अशी गाणी मागता की दुसरं कुणी मागत नाही. मी शिवणकाम करते घरी. तुमचं नाव आलं की मशीन थांबवते. गाणं चांगलं असणार, हे ठरलेलं." मग तिनं विचारलं, "त्या तुमच्या कोण होत्या?"

 "नाव माझ्या नावाशेजारी यायचं," तो म्हणाला.

"ते पुष्कळ झालं की," ती म्हणाली. "माझ्या नावाशेजारी आईचंच येतंय, ते पण मीच लिहिते."

आणि अण्णा हसला. थोडासाच. मग तो तिला रेडिओ खिडकीच्या गजाला कसा टेकवायचा ते हातवारे करून सांगायला लागला, ती गदगला खरखर जास्त का येते ते सांगायला लागली. चहा माझ्या हातात गार झाला. मी पुढं गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं नाक खुपसलं नाही आणि तिथं खांबाआड उभी राहून देवाला म्हणाले, बाबा रे, काल जे केलं ते चुकलं असेल, पण बघ, जागा मोकळी झाली.

साडेदहाला अप्पाजींनी स्टेजवरचा रेडिओ माईकपुढं ठेवला. सगळ्यांनी मिळून आजचा कार्यक्रम ऐकायचा, असा बेत. इंदुमतीबाई पहिल्या रांगेत बसलेल्या आणि त्यांचाच आधी मुद्रित झालेला आवाज रेडिओतून येत होता, त्याची सगळ्यांना मोठी गंमत. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, टाळ्या घ्यायच्या. तिसऱ्या गाण्याला रेडिओ म्हणाला, "यानंतरची फर्माईश आहे, अळणावरहून पल्लवी नाडगीर आणि धारवाडहून श्रीवत्स तोरगलकर."

ते कार्ड मी जानेवारीत टाकलं होतं. संमेलनाची बातमी कळायच्याही आधी. ते अजून वाचलं गेलेलं नाही हे मी विसरून गेले होते.

टाळ्या वाजल्या नाहीत. इंदुमतीबाईंनी तोंडावर हात ठेवला. अण्णा उभा राहिला, आणि त्याच्यामागोमाग एकेक करत सगळा हॉल उभा राहिला. गाणं संपेपर्यंत तीनशे माणसं उभी. निवेदिता त्याच्या शेजारी डोळ्याला पदर लावून उभी होती.

गाणं संपल्यावर अण्णा बाहेर आला आणि चपला शोधायला लागला. मी धावत गेले. "कुठं जायलास?"

"अळणावरला. एकची गाडी आहे. तिच्या घरी जाऊन भे-भेटून येतो. आईवडील असतील. त्यांना सांगायला पाहिजे, आजच्या दिवशी काय झालं ते."

"अण्णा, पत्ता कुठं आहे आपल्याकडं?"

"गाव लहान आहे. विचारतो." मग खिशातला बिल्ला चाचपून म्हणाला, "हे त्यांना देतो."

निवेदिता त्याच्यामागून आली होती. चपला घालत म्हणाली, "अशा घरी एकट्यानं जाऊ नये. मी येते सोबत. गदगची बस काय, रात्रीची पण असते." तिनं माझ्याकडं बघितलं, "तुमची हरकत नाही नं?"

दोघं अळणावरच्या गल्ल्यागल्ल्यांतून हिंडणार, नाडगीरांचं घर विचारत. तो प्रत्येक दारात 'प' वर अडकणार, ती शेजारी थांबून राहणार. आणि घर नाहीच असं कळल्यावर तो माझ्याकडंच येणार.  मी पायरीवर बसले.

"अण्णा, जाऊ नकोस. अळणावरला पल्लवी नाही."

"माहिताय की," तो म्हणाला. "म्हणूनच जायलोय."

"तशी नाही. ती नव्हतीच कधी. कार्डं मी लिहीत होते."

तो समजला नाही. मला सगळं सांगावं लागलं, बेळगावचा नकार, मधली सुट्टी, हजेरीतलं नाव, कालची चिठ्ठी. चपलांच्या ढिगाशेजारी बसून मी बोलत सुटले, आणि बोलता बोलता मला वाटायला लागलं की हे बरंच झालं, आता मध्ये कुणी नाही, आता त्याला समोरची बाई दिसेल. म्हणून मी शेवटी तेही बोलले. "जे नव्हतं त्याचं दुःख कशाला करतोस अण्णा? ह्या बघ, खऱ्या आहेत. तुझं नाव आलं की मशीन थांबवतात. मी ऐकलंय सगळं, मागं उभी राहून."

"किती?" त्यानं विचारलं.

"काय किती?"

"का-कार्डं."

"सगळी. तुझी सोडून सगळी."

त्यानं खिशातला बिल्ला काढला, वाचला, माझ्या शेजारी पायरीवर ठेवला. मग मान वर करून निवेदिताकडं पाहिलं. त्याची मान एका बाजूला ओढली जाऊ लागली. "आणि ह्यां... ह्यां..." मी गप्प बसले. पुढचा शब्द कोणता येणार हे मला पहिल्यांदाच कळलं नव्हतं. तो आला. "आणि ह्यांना किती दिवस शि-शिकवलंस?"

निवेदिताचा चेहरा पांढरा पडला. "मी ह्यांना आज पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "मी गदगची आहे. माझी मी आलेय."

अण्णानं तिला नमस्कार केला, अगदी अदबीनं, नाटक संपल्यावर नटीला करावा तसा. मग चपला घालून तो बसस्टँडकडं चालत गेला. मी उभी राहिले तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता. निवेदिता बराच वेळ तिथंच होती. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मी काय चुकीचं बोलले का हो?"  ती आत जाऊन तिची पिशवी घेऊन आली आणि दुपारच्याच बसनं गेली.

अण्णानं माझ्याशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पाडव्याला तो नेहमीसारखा जेवायला आला, माझ्या नवऱ्याशी कारखान्याच्या गप्पा मारल्या, पुरणपोळी आणखी मागून घेतली. फक्त मी त्याच्यासाठी काहीही केलं, पाट मांडला, रुमाल दिला, की तो एक क्षण त्या वस्तूकडं बघायचा आणि मग घ्यायचा.

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी तो अचानक आला. हातात आंतर्देशीय पत्र होतं, फोडलेलं. त्यानं ते माझ्यापुढं ठेवलं. चार ओळी होत्या. पत्ता अप्पाजींकडून मिळाला. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्याचा राग आला होता, आता नाही. गेले दहा रविवार तुमचं नाव आलं नाही, म्हणून काळजी वाटते. कळवाल तर बरं वाटेल. खाली सही, निवेदिता, गदग.

"अण्णा, हे माझं नाही," मी म्हणाले. "आई-अप्पांची शपथ. माझ्या पोटच्या पोराची शपथ."

तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. ती नजर मला आजही सोसत नाही. त्यानं पत्र उलटं करून पोस्टाचा शिक्का मला दाखवला.

"पेटीत टाकायला ग-गदगपर्यंत गेलीस?" तो म्हणाला. "उन्हातान्हाची? एवढा त्रास घेत जाऊ नकोस गं माझ्यासाठी."

मग तो जेवला आणि चारच्या बसनं धारवाडला गेला. पत्र त्यानं नेलं नाही.